‘मला मेटल आवडतं’ हा संशोधनाचा प्रश्न का होत नाही?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “आवडीचाच विषय घ्यावा का?” घ्यावा की. चार-पाच वर्षं नावडत्या विषयासोबत काढणं फार अवघड असतं. अडचण पुढे येते. समोरचे सर किंवा मॅडम विचारतात, “बरं, प्रश्न काय आहे?” आणि आपण पुन्हा आवडच सांगत बसतो. आवडीतून प्रश्न कसा निघतो, हे मी माझ्याच आवडीवरून, म्हणजे हेवी मेटलवरून दाखवतो.

आधी यादी. ब्लॅक सॅबथचं ‘ब्लॅक सॅबथ’ (1970), आयर्न मेडनचं ‘द ट्रूपर’ (1983), मेटॅलिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (1986), जुडास प्रीस्टचं ‘पेनकिलर’ (1990), मेशुगाचं ‘ब्लीड’ (2008), आणि आपल्या मुंबईच्या डेमोनिक रिसरेक्शनचा ‘दशावतार’ (2017) हा अख्खा अल्बम. यावर मी रात्रभर वाद घालू शकतो, पण त्या वादातून संशोधन निघणार नाही. कारण ही यादी माझ्याबद्दल माहिती देते, संगीताबद्दल नाही.

आता याच यादीतल्या गाण्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू. मेटलमधली गिटार ‘जड’ वाटते, असं सगळेच म्हणतात. जड म्हणजे नक्की काय? मेटलचा गिटारवादक बहुतेक वेळा पूर्ण कॉर्ड वाजवतच नाही. तो फक्त दोन स्वर घेतो, सा आणि प. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. मधला गंधार का गाळतात? “तसं भारी वाटतं” हे चाहत्याचं उत्तर झालं. आकडे काय म्हणतात बघा.

गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82.4 हर्ट्झला वाजते. तिचा पंचम 123.5 हर्ट्झ. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनीच्या लहरीचे माथे कापले जातात, आणि त्यामुळे मूळ ध्वनीत नसलेल्या वारंवारता तयार होतात. स्वरांचे वरचे हार्मोनिक ठळक होतात, शिवाय दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू यायला लागतात. 123.5 वजा 82.4 म्हणजे सुमारे 41. हा त्याच सा चा खालच्या सप्तकातला स्वर, बेस गिटारच्या सर्वात जाड तारेचा. तो कोणी वाजवलेलाच नाही! गिटारच्या आवाक्याबाहेरचा स्वर अँप्लिफायरने तयार करून दिला. ‘जड’ या शब्दामागे निदान इतकी गोष्ट मोजता येण्यासारखी आहे.

आता गंधार घालून बघा. आजच्या समान अंतरांच्या ट्यूनिंगमध्ये तो 103.8 हर्ट्झला येतो. सा चा पाचवा हार्मोनिक 412.0, गंधाराचा चौथा 415.3. दोन्ही इतके जवळ की सेकंदाला तीनेक वेळा आवाज थरथरतो. सा-प मध्ये हीच तुलना केली (सा चा तिसरा, प चा दुसरा) तर फरक जेमतेम 0.3 हर्ट्झ, म्हणजे एक हेलकावा तीन-साडेतीन सेकंदांनी. साध्या गिटारवर गंधाराची थरथर गोड लागते, कारण वरचे हार्मोनिक हळू असतात. डिस्टॉर्शन त्यांनाच मोठं करतं, म्हणून तिथे चिखल होतो.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, 82.4 आणि 123.5 हर्ट्झचे दोन टोन तयार करा, एकत्र मिसळा आणि मग त्या मिश्रणाला डिस्टॉर्शन लावा. स्पेक्ट्रममध्ये 41 च्या आसपास शिखर दिसेल. एवढ्यावर थांबला तर ते नुसतं प्रात्यक्षिक झालं. आता क्रम उलटा करा: दोन्ही टोनना वेगवेगळं डिस्टॉर्शन लावा आणि नंतर मिसळा. 41 गायब. घटक तेच, डिस्टॉर्शन तेवढंच, फक्त क्रम बदलला. म्हणजे तो खालचा स्वर दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून एकत्र गेल्यामुळे येतो, हे तुम्ही दाखवलंत. कंट्रोल म्हणजे हेच, आणि मुलाखतीत व्याख्येऐवजी असं उदाहरण दिलं तर समोरचे सावरून बसतात.

चाहत्यांच्या जगात कारणांच्या सुंदर गोष्टीही असतात. सगळ्यात लाडकी टोनी आयोमीची. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा घेतल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून मेटलचा खर्ज आवाज जन्मला. गोष्ट खरी आहे, फक्त शेवटच्या दुव्याकडे संशोधकाने थांबून बघायला हवं. तारा तीन अर्धस्वर उतरवणं येतं ते 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ मध्ये. 1970 चे पहिले दोन अल्बम नेहमीच्या ट्यूनिंगमधले, तरी ‘ब्लॅक सॅबथ’ ऐकून कोणी त्याला हलकं म्हणेल का? कार्य आधी आणि कारण नंतर, असं चालत नाही. बोटांचा परिणाम झाला नाही असं मी म्हणत नाही; सैल तारांवर सगळं श्रेय टाकता येत नाही, इतकंच.

इथवर गंमत होती. पण कारण-परिणामाचा घोळ कोर्टात गेला की काय होतं, तेही मेटलच्या इतिहासात आहे. 1985 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या नेवाडात दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. एक गेला, दुसरा गंभीर जखमी होऊन वाचला आणि पुढे काही वर्षांतच गेला. त्याआधी ते जुडास प्रीस्ट ऐकत होते. कुटुंबांनी दावा केला की 1978 च्या ‘स्टेन्ड क्लास’ अल्बममधल्या एका गाण्यात ‘करून टाक’ अशा अर्थाचे छुपे शब्द आहेत. 1990 मध्ये रीनो शहरात खटला चालला. आवाजाचे थर सुटे करून ऐकले गेले. शब्दांसारखं काहीतरी खरंच ऐकू येत होतं! पण तो गिटारचा आवाज आणि गायकाचा उच्छ्वास यांचा योगायोगाने झालेला मेळ आहे, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि बँडला जबाबदार धरलं नाही. गायक रॉब हॅलफर्डने तर गाणी उलटी वाजवून त्यात कसलीही निरर्थक वाक्यं सापडतात हे दाखवलं. काय ऐकायचं हे आधी सांगितलं की कान ते शोधून देतो. तुमच्या डेटाचंही असंच होतं, म्हणून गृहीतक डेटा बघायच्या आधी लिहून ठेवायचं असतं.

“हे संगीत माणसाला बधिर करतं” हा आरोप मात्र संपला नाही. ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यासाठी ही चर्चा पोरकट नाही, आणि ज्या मुलाच्या काळ्या टीशर्टवरून घरचे त्याच्याकडे संशयाने बघतात त्याच्यासाठीही नाही. मग तपासायचं कसं? ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या गटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला आवडतो. एका डोळ्याला हिंसक चित्र, दुसऱ्याला साधं. दोन्ही एकाच वेळी दाखवली की मेंदूत त्यांची चढाओढ लागते. बहुतेकांत हिंसक चित्र जास्त वेळ जिंकतं, कारण धोक्याकडे लक्ष जाणं स्वाभाविक आहे. चाहते बधिर झाले असतील तर त्यांच्यात हा कल कमी दिसायला हवा. एकीकडे हिंसक शब्दांच्या संगीताचे 32 चाहते, दुसरीकडे चाहते नसलेले 48 जण. एकदा ब्लडबाथचं ‘ईटन’, एकदा फॅरेल विल्यम्सचं ‘हॅपी’. चाहत्यांचा कल कमी दिसला नाही.

प्रयोगाची खुबी अशी की “तुम्ही हिंसक आहात का?” असं कोणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर चाहत्यांनी बँडची बाजू सांभाळली असती. मीही सांभाळली असती. पण चाहते म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. फरक दिसला नाही आणि फरक नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. 32 माणसांत लहानसा फरक निसटू शकतो, आणि प्रयोगशाळेतली एक बैठक वर्षानुवर्षांच्या ऐकण्याबद्दल थोडंच सांगते.

शेवटचं उदाहरण माझं सगळ्यात लाडकं. मेटलच्या कार्यक्रमात स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात, त्याला मॉश पिट म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या चार संशोधकांनी यूट्यूबवरचे व्हिडिओ घेऊन त्यातल्या माणसांचे वेग मोजले. 2013 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ मध्ये निबंध आला: वेगांचं वितरण द्विमितीय वायूच्या रेणूंसारखं, म्हणजे मॅक्सवेल-बोल्ट्झमन! नवीन उपकरण नाही, मोठा निधी नाही. अर्थात वितरण जुळलं म्हणून यंत्रणा जुळली असं होत नाही. रेणूंच्या टकरीत ऊर्जा टिकून राहते, माणूस मात्र ती पोटातून आणतो आणि दमला की कडेला येऊन पाणी पितो.

त्यांनी संगणकावर प्रारूपही बनवलं. त्यात शेजाऱ्याच्या दिशेने जायची प्रवृत्ती वाढवली की गर्दी गोल फिरू लागते, प्रत्यक्षातल्या सर्कल पिटसारखी. प्रारूपात ती दोन्ही दिशांना सारखीच फिरते, पण त्यांनी पाहिलेल्या सर्कल पिटांपैकी 95 टक्के घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते. प्रारूपाला न जमलेली ही गोष्ट त्यांनी झाकली नाही, आणि प्रश्न शोधणाऱ्याने निबंधात नेमकी अशीच जागा हेरायची असते. उजव्या हाताचा परिणाम असेल का? रस्त्यावर कुठल्या बाजूने चालायची सवय आहे, त्याचा? आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात, तेव्हा भारतातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ घेऊन दिशा मोजणं एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. मात्र एकाच कार्यक्रमाच्या तीस क्लिप म्हणजे तीस नोंदी नव्हेत. ती एकच नोंद आहे, आणि मोजणाऱ्याला व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे माहीत नसेल तर उत्तम.