मुंबईचं सागवान, हार्टलपूलचं पाणी

आमच्या परंड्याला समुद्र नाही, तोफा आहेत. विजापूरची मुलूखमैदान तोफ एके काळी आमच्या किल्ल्यात होती, हे सांगितल्याशिवाय परंडेकराचं बोलणं पुरं होत नाही. त्यामुळे लेकीकडे इंग्लंडात न्यूकॅसलला गेलो असताना ती मला हार्टलपूलची जुनी युद्धनौका दाखवायला घेऊन गेली, तेव्हा माझी नजर आधी तोफांकडेच गेली. खिळली मात्र लाकडावर.

जहाजाचं नाव ट्रिंकोमाली. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, मालक इंग्रज आरमार आणि घडण मुंबईच्या गोदीतली. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखालच्या कारागिरांनी मलबारी सागवानातून ते बांधलं. कण्यात पारशी रिवाजाने चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात सोडलं. आराखडे विलायतेहून येणार होते, पण ते घेऊन निघालेलं ‘जावा’ जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी जिंकून जाळलं. दुसरे आराखडे येऊन काम उभं राहीपर्यंत नेपोलियनची लढाईच आटोपली. लग्न लागल्यावर वरात पोचावी, तसं झालं.

१८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचलेलं हे जहाज पंचवीसेक वर्षं नुसतं बांधून ठेवलं होतं. १८४७ ते १८५७ च्या दरम्यान दोन फेऱ्यांत वेस्ट इंडिज आणि पॅसिफिक पाहून आलं. मोठी लढाई वाट्याला आलीच नाही. मग पोरांना खलाशीगिरी शिकवायची शाळा. मधे नावसुद्धा बदललं. शाळेचं काम १९८६ पर्यंत चाललं.

खालच्या मजल्यावर उतरताना लेक म्हणाली, “बाबा, डोकं!” तोवर तुळईने कपाळमोक्ष केलाच होता. कपाळ चोळत मी त्या तुळईवर हात ठेवला. गावाकडच्या आमच्या माळवदाला अशाच तुळया आहेत, पण त्या सरळ. इथे बरगड्यांना बाक. वाफ देऊन फळी वाकवता येते, एवढा जाड सोट नाही. आमच्याकडे नांगरासाठी बाभळीचं मुळातच वाकडं खोड हेरून ठेवायचे, तसं जहाजाचे सुतार वाकडी झाडं शोधत. म्हणजे रेषा झाडाच्याच अंगातली, तुटायचं कारण नाही.

फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरांचे पीळ सोडवून काढलेले धागे ठोकून बसवतात आणि वर डांबर ओततात. मी एका सांध्यावरून नख फिरवून पाहिलं, कुठेच अडकलं नाही. आणि सागवानातलं तेल! विलायती ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागवान उलट त्यांना जपतं. सुमारे दहा वर्षं दुरुस्ती होऊनही या जहाजाच्या सांगाड्यातलं निम्म्याहून अधिक लाकूड मूळचंच आहे. माझ्या मते या जहाजाची खरी कामगिरी हीच. आरमाराने त्याला फारसं काही करू दिलं नाही. मुंबईच्या सुतारांनी मात्र दोनशे वर्षांची बेगमी करून ठेवली.

इंग्रज दर्यासारंग नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत उभं आहे. पाण्यावर तरंगणारी याहून जुनी ब्रिटिश युद्धनौका आज दुसरी नाही. मुंबईची ती गोदी नौदलाकडे आहे, तिथे आपल्याला सहज शिरता येत नाही. हार्टलपूलला तिकीट काढलं की झालं. लेक-जावई तिकडे असतील तर जाऊन या; आणि खाली उतरताना वाका.