तराजूचे दुसरे पारडे

२०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. भाव किलोला एक रुपया मिळाला होता; मोटारभाडे, हमाली, तोलाई यांपोटी ५०९ रुपयांहून अधिक रक्कम वजा झाली होती. पट्टीवर प्रत्येक कपातीला नाव होते, शेतकऱ्याच्या श्रमाला तेवढा रकाना नव्हता. त्या आठवड्यात शहरातल्या गृहिणीला एक रुपयात किलोभर कांदा मिळाला नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

पिकविणारा आणि खाणारा यांच्यामधील हे अंतर न्यायाने कसे भरून काढावयाचे, हा प्रश्न शेजारच्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवा नाही. किंबहुना या प्रश्नाची दोन उत्तरे या जिल्ह्याने स्वतःच देऊन पाहिली आहेत. पहिले उत्तर संतापाचे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी उसळलेला दंगा पाहता पाहता पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवी होती ती खतपत्रे, आणि ती त्यांनी जाळली. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कागद जळाला, कायदाही आला. परंतु माल विकावयास गेलेल्या कुणब्याचे परावलंबन संपले नाही. अडत्याकडून आधी उचल घ्यावयाची, मग माल त्याच्याच दुकानी घालावयाचा, आणि रुमालाखाली बोटे धरून झालेला सौदा मुकाट्याने मान्य करावयाचा, ही रीत पुढेही दीर्घकाळ चालू राहिली.

दुसरे उत्तर संघटनेचे होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्याखाली ऊस उभा राहिला. पण साखरेचे कारखाने खासगी भांडवलाचे. बागायतदार गूळ करी आणि भावाच्या चढउतारात बुडे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ या उद्योगाचे पहिले अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहता यांनी सरकारदरबारी पाठबळ दिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचा महाराष्ट्रातील हा पहिला साखर कारखाना. गोखले संस्थेतील पंडित आणि लोणीचा शेतकरी एका संचालक मंडळात बसतात, हे दृश्य त्या काळी अपूर्वच होते.

या प्रयोगाचे मर्म यंत्रसामग्रीत नव्हते. ऊस ज्या काट्यावर तोलला जातो तो काटा ऊसवाल्याच्याच मालकीचा असावा, आणि साखर विकून आलेल्या पैशाचा हिशेब त्याने विचारावा, एवढीच ती कल्पना. इंग्लंड-अमेरिकेत ‘न्याय्य व्यापार’ ही चळवळ पुढे ज्या तत्त्वांवर उभी राहिली, त्यांतील निम्मी तत्त्वे अशी प्रवरेच्या काठी आधीच व्यवहारात आली होती.

निम्मीच, हे मात्र प्रांजळपणे म्हटले पाहिजे. कारण त्या काट्याजवळ आणखी एक माणूस उभा होता आणि त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. ऊस तोडण्यासाठी बीडमधून आणि याच जिल्ह्यातील पाथर्डीच्या दुष्काळी माळावरून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून पैसे घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत तोड करावयाची. या पैशांना शब्द आहे ‘उचल’! बागायतदाराला ज्या शब्दाने एके काळी बांधून ठेवले होते, तोच शब्द आज तोडणी कामगाराच्या गळ्यात आहे. संप आणि वाटाघाटींनंतर २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली खरी; पण उचलीची रीत तशीच राहिली. सहकाराच्या गौरवसमारंभांतील भाषणांत या माणसांचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. कारखान्यांच्या निवडणुकांवर मात्र भरपूर बोलले जाते.

तरीही उत्पादकाने आपल्या परीने काही केले. १ जून २०१७ रोजी पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २०२४ च्या जुलैत अकोले तालुक्यातील कोतूळला दूध उत्पादकांनी रास्त दरासाठी धरणे धरले. तराजूच्या एका पारड्यात या जिल्ह्याने पाऊणशे वर्षे काही ना काही टाकले आहे. दुसऱ्या पारड्यात, जेथे शहरातील ग्राहक बसतो, तेथे काय आहे?

येथे इंग्लंडमधील एका लहानशा गावाचे स्मरण उपयोगी पडेल. लँकेशायरमधील गार्स्टँग हे चार-पाच हजार वस्तीचे, आसपास दुधाचा धंदा असलेले गाव. तेथील पशुवैद्य ब्रूस क्राउदर आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेतील कोकोवाल्यांना न्याय्य दर मिळावा म्हणून खटपट करीत होते. गावकऱ्यांचा प्रतिसाद बेताचाच होता. मग त्यांनी घाना देशातील कोको पिकविणाऱ्याची आणि गावाशेजारच्या गवळ्याची व्यथा एकत्र मांडली: दोघांनाही खर्चाइतका भाव मिळत नाही. २००० च्या एप्रिलमध्ये गार्स्टँगच्या जाहीर सभेने न्याय्य व्यापाराचे गाव होण्याचा ठराव केला. जगातील ते पहिले. आज अशा गावांची आणि शहरांची संख्या दोन हजारांवर आहे. दुकानदार, शाळा, प्रार्थनामंदिरे यांनी न्याय्य दराचा माल वापरावयाचा, इतकाच त्या ठरावाचा आशय. त्यात अनुदान नव्हते आणि मोर्चाही नव्हता.

महाराष्ट्रात असे घडू शकत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करावयाचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावयाची, माल एकत्रित खरेदी करून आपसांत वाटून घ्यावयाचा, ही तिची पद्धत. हजारो मुंबईकर कुटुंबे तिने जोडली. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांच्या दारी शेतकऱ्यांच्या गटांनी भाजीपाला पोहोचविला तेव्हाही हेच सिद्ध झाले. टाळेबंदी उठताच बहुतेक ग्राहक पूर्वीच्या दुकानांकडे परतले, ही गोष्ट निराळी.

नगरच्या नोकरदार वर्गाला तर सहकार शिकवावयास नको. शिक्षकांची बँक आहे, कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था आहेत; कर्जाच्या मर्यादेवर आणि लाभांशाच्या टक्क्यावर तेथील सभा तासन्‌तास रंगतात. कर्जासाठी एकत्र येणाऱ्या या मंडळींना रोजच्या दुधाकांद्यासाठी एकत्र यावेसे वाटत नाही, याचे कारण सरळ आहे. दुधाकांद्याच्या बाबतीत मध्यमवर्गाला आपले हित स्वस्ताईत दिसते. कांदा महागला की निर्यातबंदीची मागणी होते आणि तो कोसळला की सारे गप्प. स्वस्ताईची ही ओढ समजण्यासारखी आहे. महिन्याचा पगार मर्यादित असतो. पण किरकोळ भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम यांतील तफावत एवढी मोठी आहे, की शेतकऱ्याला अधिक देऊनही ग्राहकाला अधिक मोजावे लागेलच असे नाही. २०१६ साली फळे-भाजीपाल्यावरील अडतीचा बोजा शेतकऱ्यावरून खरेदीदाराकडे गेला. वाटेवरचे इतर नाके अजून उभेच आहेत.

उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमारास निघतो. चाळीत नीट साठवला तर तो दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो. शंभर कुटुंबांनी आपली वर्षाची गरज आधी सांगितली, खर्च मांडून भाव आधी ठरविला आणि काही रक्कम आगाऊ दिली, तर ती उचल ठरणार नाही. कारण तिच्या बदल्यात भाव पाडून घेतलेला नसेल. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्याच लागतात. त्या वेळी पारनेर-राहुरीच्या चाळींत कांदा असतोच. सभेच्या विषयपत्रिकेवर लाभांशाच्या खाली आणखी एका विषयाला जागा असते.