4,600 तासांचा हिशेब

मावशीला ॲडमिट केलं होतं तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीच्या सिस्टर एका कानात हेडफोन घालून सारखं काहीतरी पुटपुटत असायच्या. सलाईनची बाटली बदलतानाही ओठ चालूच. शेवटी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "जर्मन आहे ताई. बी-टू परीक्षा काढायचीय." लातूरकडच्या. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, गाठीला आयसीयूचा अनुभव. एवढं असल्यावर आणखी परीक्षा कशाला? "आपला डिप्लोमा तिकडं अर्धाच धरतात," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

अर्धा म्हणजे किती आणि तो मोजतं कोण, हे मला बघायचं होतं. म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सदाशिव पेठेत गेले, जर्मन भाषांतरं करणाऱ्या एका बाईंकडे.

टेबलावर फायलींचे गठ्ठे होते आणि बहुतेक नर्सेसचेच. मॅडमनी गुणांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात. कौन्सिलच्या नोंदणीपत्रावर लग्नानंतरचं, नवऱ्याच्या नावासकट. आपल्याला यात वावगं काही वाटत नाही. जर्मन कचेरीला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात. म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला हवा, त्याचंही भाषांतर हवं, आणि पानागणिक पैसे.

मग मॅडमनी ट्रान्सक्रिप्ट पुढे ओढलं. "चार हजार सहाशे," त्या म्हणाल्या. "तिकडच्या नर्सचे तीन वर्षांत एवढे तास होतात. एकवीसशे वर्गात, पंचवीसशे वॉर्डात. तुमचे किती?"

सिस्टरांनी कागदावरून बोट खाली नेलं. मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, मिडवायफरी, कम्युनिटी हेल्थ. प्रत्येकापुढे गुण होते, 'उत्तीर्ण' होतं. तासांचा रकानाच नव्हता. बोट कागदाच्या तळाशी, प्राचार्यांच्या शिक्क्यावर जाऊन थांबलं. "आम्ही तर दिवसरात्र वॉर्डातच असायचो, मॅडम."

"मला ठाऊक आहे गं. पण मी भाषांतर करते, तास नाही करू शकत."

शिक्क्यावर टेकलेलं ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अख्खं आयसीयू सांभाळणारी बाई, आणि तिच्या हातात आपण काय शिकलो हे सांगणारा धड एक कागद नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात असा. नर्सिंग हा जर्मनीत नियमन असलेला पेशा आहे, त्यामुळे राज्याच्या अधिकृत कार्यालयाची मान्यता मिळाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचे अर्ज स्टुटगार्टला जातात. तिथे शिक्षण विषयवार ताडून पाहतात आणि उणिवांची यादी करून पत्र पाठवतात. आपल्याकडच्या नर्सना हेच पत्र बहुधा हाती पडतं. मात्र त्याच पत्रावर, सोबत जर्मनची तयारी असेल तर, व्हिसाही मिळू शकतो. तिकडे जायचं, मदतनीस म्हणून काम करायचं, आणि दरम्यान परीक्षा द्यायची किंवा उणिवा भरून काढणारं प्रशिक्षण घ्यायचं. मग नर्स. तासांची ताडणी नको, थेट परीक्षाच घ्या, असं म्हणायचीही आता मुभा आहे. पण ती परीक्षा जर्मनमध्ये, खऱ्या रुग्णापुढे असते.

आयटीवाल्यांचं गणित उलटं आहे. 2023 च्या नोव्हेंबरपासून संगणक क्षेत्रातल्या माणसाला पदवी नसली तरी चालते. अलीकडच्या सात वर्षांतला तीन वर्षांचा योग्य अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेपुढचा पगार असला की ब्लू कार्ड हा कामाचा परवाना मिळू शकतो. तेव्हा "परदेशात आपली डिग्री चालते का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुणाला डिग्री असून पुरत नाही, कुणाचं तिच्यावाचून अडत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला आणि 10 हजार तरुणांना तिकडे पाठवण्याची घोषणा झाली. त्या घोषणेच्या बातम्यांत तासांच्या तक्त्याबद्दल मी काही वाचलं नाही.

जर्मनांवर चिडावं असं मला सुरुवातीला वाटत होतं. माणसं यांनाच हवी आहेत, आणि वर पारखून घेणारही हेच! पण सिस्टरांच्या जर्मनच्या क्लासला जाऊन बसले आणि राग बराच निवळला. त्या दिवशी संवादाचा सराव होता. एकीने ऐंशीचे आजोबा व्हायचं, अंघोळीला नाही म्हणायचं. दुसरीने त्यांना राजी करायचं. सिस्टर उठल्या, चार वाक्यं छान बोलल्या, मग अडल्या. शब्दांना नाही, कामालाच. बाहेर चहा घेताना म्हणाल्या, "अंग पुसायचं, भरवायचं, हे आपल्याकडं नातेवाईक करतात. नाहीतर मावशीबाई. आम्ही इंजेक्शनं, सलाईन, व्हेंटिलेटर." तिकडे हे सगळं नर्सच करते, आणि तिच्या 4,600 तासांत वृद्धांच्या सेवेचे तास वेगळे मोजलेले असतात. फरक आहे तो खराच आहे. "डिग्री पुरेशी आहे, भाषा तिथं गेल्यावर शिका," अशा जाहिराती करणारे एजंट त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

फरक मान्य. पण जे तास खरोखर झाले, त्यांचं काय? सिस्टरांनी कॉलेजकडे तासांचं पत्र मागितलं. प्राचार्य बदललेत, जुनी रजिस्टरं शोधावी लागतील, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात पत्र मिळालं, त्यात एकूण बेरीज तेवढी होती. विषयवार फोड नाही. मॅडमनी ते परत पाठवलं. कागदावर नसलेला तास स्टुटगार्टच्या लेखी झालेलाच नसतो, आणि याचा दोष स्टुटगार्टला देऊन भागणार नाही. तो इथल्या कपाटात धूळ खात पडलेल्या रजिस्टरांचा आहे.

बी-टूच्या चार भागांपैकी वाचन, श्रवण आणि लेखन सिस्टरांनी काढलंय. संभाषण राहिलंय, तेवढंच पुन्हा देता येतं. कॉलेजचं दुसरं पत्र मी हे लिहीपर्यंत आलेलं नव्हतं.

नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्यांना एवढंच सांगणं आहे: डिप्लोमा देता त्याच दिवशी थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या विषयवार तासांचा तक्ता, सही-शिक्क्यासह, मुलींच्या हातात ठेवा. त्याला ना नवा कायदा लागतो ना कुठल्या राज्याशी करार. आणि ज्या मुली आत्ता तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी एजंटला पहिला रुपया देण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन हा कागद मागून घ्यावा.