रचना, नाममुद्रा आणि आपण

तुमचा आवडता रचनाकार कोण आणि संगीताचा कोणता काळ तुम्हाला सर्वांत जवळचा वाटतो, असे दोन प्रश्न अलीकडे एका विद्यार्थ्याने मला विचारले. मी उंद्रीचा. चिखली तालुक्यातल्या या गावात वाढलो, पुढे शिक्षक झालो, आणि रेडिओने लावलेले शास्त्रीय संगीताचे वेड आजतागायत सुटलेले नाही. चळवळीतले मित्र यावरून माझी थट्टाही करतात. असे असताना या सरळ प्रश्नांना मला चटकन उत्तर देता आले नाही. का देता आले नाही, याचा विचार करताना जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

पहिली अडचण ‘रचनाकार’ या शब्दाचीच आहे. युरोपीय संगीतात रचना कागदावर लिहिलेली असते, वादक ती वाचून वाजवतो आणि कागदाच्या माथ्यावर रचनाकाराचे नाव असते. आपल्याकडच्या ख्यालात बंदिश म्हणजे स्थायी आणि अंतरा, मोजून चार-सहा ओळी. तासभराची बाकीची इमारत गायक स्वतः उभी करतो. त्यामुळे मैफल गायकाच्या नावाने ओळखली जाते. बंदिश करणाऱ्याचे नाव टिकलेच तर ते बंदिशीच्या आत, बहुधा अंतऱ्यात, गुंफलेले असते. यालाच नाममुद्रा म्हणतात. लिहिण्या-छापण्याची सोय नसलेल्या काळात रचना आपली आहे, हे सांगण्याची ती एकमेव जागा होती. कंठातून कंठात जाताना नाव गळले, की रचनाकारही गळला.

ख्यालाच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव या मुद्रेनेच आपल्यापर्यंत आले आहे. मोगल बादशहा महंमदशाहच्या (1719 ते 1748) दरबारातला नियामत खाँ ‘सदारंग’ या मुद्रेने ओळखला जातो. त्याच्या बंदिशी आजही प्रत्येक घराण्यात गायल्या जातात. मात्र त्यांतल्या अनेक बंदिशींत ‘सदारंग’ या नावाच्या सोबतीला महंमदशाहचेही नाव येते. आश्रयदात्याचे नाव घेतल्याशिवाय कलावंताला स्वतःचे नाव घेता येत नाही, हा त्या काळाचा नियमच होता.

हा नियम फक्त आपल्याकडचा नव्हता. योझेफ हायडन (1732 ते 1809) हा गाड्यांची चाके करणाऱ्या कारागिराचा मुलगा. 1761 साली तो एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत शिरला. करारात अटी होत्या : चाकरांचा गणवेश घालावा, रोज दोन वेळा दालनाबाहेर उभे राहून हुकूम विचारावा, आणि केलेली रचना मालकाची समजावी. परवानगीशिवाय ती बाहेर द्यायची नाही. 1779 साली नवा करार झाला तेव्हा रचनांवरचे हे बंधन उठले. ज्या काळाला आपण युरोपीय संगीताचा अभिजात काळ म्हणतो, त्याची सुरुवात अशी चाकराच्या गणवेशात झाली आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बेथोव्हेनने 1803 साली एक व्हायोलिन सोनाटा लिहिला. व्हिएन्नात तो पहिल्यांदा वाजवला तो जॉर्ज ब्रिजटॉवर या व्हायोलिनवादकाने. त्याचे वडील आफ्रिकी वंशाचे होते. अर्पणपत्रिकेत आधी नाव होते ते या ब्रिजटॉवरचेच. पुढे दोघांत बिनसले आणि बेथोव्हेनने ते नाव काढून क्रॉइट्झर या फ्रेंच वादकाचे घातले. क्रॉइट्झरने ती रचना जाहीरपणे कधी वाजवली नाही. तरी जग तिला आज ‘क्रॉइट्झर सोनाटा’ म्हणूनच ओळखते. एक नाव खोडले की दोन शतकांचा कान कसा बदलतो, ते यावरून दिसते.

आता घरची गोष्ट. वडिलांनी ट्रान्झिस्टर घेतला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. संध्याकाळी ओट्यावर आजा बसे, मी सुया फिरवत राही. एकदा बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागली. ‘कान्होपात्रा’ नाटकातला चोखोबांचा जोहार. तो आवाज मला इतका गोड लागला की मी ट्रान्झिस्टर कानाला लावला. आज्याने काठी आपटली. म्हणाला, “बंद कर रे ते. तो सबुद आपुन सोडला, छपन साली.”

मला तेव्हा काही कळले नाही. जोहार हा महाराने मालकाला, पाटलाला, वाटेत भेटेल त्या वरच्या जातीच्या माणसाला वाकून घालायचा नमस्कार, हे मला पुढे समजले. आज्याच्या तरुणपणी तो रोज घालावा लागे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्म दिला आणि आमच्या वस्तीतून तो शब्द गेला. त्याच्या जागी ‘जयभीम’ आले. ज्या शब्दासाठी आज्याची कंबर वाकली, त्याच शब्दावर नाट्यगृहातले प्रेक्षक माना डोलवत होते. बालगंधर्वांच्या सुरात खोट नव्हती आणि आज्याच्या रागातही खोट नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मान्य करायला मला बरीच वर्षे लागली.

चोखोबा परके नव्हते. परंपरेने त्यांचे जन्मगाव मानलेले मेहुणाराजा आमच्याच बुलडाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना कूस कोसळून ते त्याखाली गेले. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. म्हणजे अक्षर दुसऱ्याचे. परंतु अभंगाच्या शेवटी येणारी मुद्रा चोख्याची. देवळाच्या आत ज्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्याचे नाव गाणाऱ्याच्या तोंडून देवळात गेले. सोयराबाईंची मुद्रा पाहा. तीत बहुधा स्वतःचे नावही नसते. चोख्याची महारी एवढीच ओळख असते. जात आणि नवरा, ही दोन ओझी मुद्रेत घेऊन ही बाई रचना करत होती.

सोयराबाईंचा रंगाविषयीचा अभंग किशोरी आमोणकर (1932 ते 2017) यांनी गायला आणि तो घरोघरी पोचला. मोठमोठ्या मैफलींची सांगता त्या अभंगाने झाली आहे. मी अनेक सुशिक्षित रसिकांना विचारून पाहिले, हा अभंग कोणाचा? राग सांगणारे भेटले, गायिकेचे घराणे सांगणारे भेटले. सोयराबाईंचे नाव सांगणारे फार थोडे निघाले. शेवटच्या चरणातली मुद्रा त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती. ऐकली होती, पण ती त्यांच्या कानात शिरली नव्हती.

येथे पं. विष्णु नारायण भातखंडे (1860 ते 1936) यांचे काम आठवते. उस्तादांकडून त्यांनी बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’च्या सहा भागांत छापल्या. घराण्याच्या पेटीत बंद असलेली विद्या चार आण्यांच्या वहीत उतरवून घेता येईल इतकी जवळ आली. माझ्यासारख्याला राग समजले ते या पुस्तकांमुळे, हे ऋण मी मानतो. परंतु जे लिहिले गेले ते ‘शास्त्रीय’ ठरले आणि जे लिहिले गेले नाही ते ‘लोक’ या सैल गाठोड्यात गेले, हेही तितकेच खरे. हलगीच्या बोलांना आणि संबळाच्या ठेक्यांना गणित नाही असे कोण म्हणेल? पण ते बोल रचणाऱ्याचे नाव कोणत्याही वहीत नाही. तो रचनाकार ठरला नाही, वाजंत्री ठरला.

म्हणून मला जवळचा वाटणारा काळ आंबेडकरी जलशांचा आहे. भीमराव कर्डकांच्या पिढीने गावोगाव जलसे नेले आणि त्यानंतर वामनदादा कर्डक (1922 ते 2004) आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकला आणि हजारो गीते लिहून गेला. त्यांच्या गीतांच्या शेवटी ‘वामन’ येतो. त्या नावाशेजारी कोणी बादशहा नाही आणि कोणाची महारकीही नाही. सदारंगापासून चालत आलेली मुद्रेची जुनी रीत येथे पहिल्यांदा ताठ मानेने उभी राहिलेली मला दिसते.

मग शास्त्रीय संगीत टाकून द्यावे काय? माझे काही मित्र तसे म्हणतात. मला ते पटत नाही. बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकत होते. ते वाद्य कोणाच्या दरबारातले, असा विचार करून त्यांनी ते खाली ठेवले नाही. कोणतेही सूर कोणाच्या मालकीचे नसतात. मालकी सांगितली जाते ती नावांवर, आणि हिशेब मागायचा तोही नावांचाच.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी सांगितले : माझी आवडती रचनाकार सोयराबाई, आणि आवडता काळ वामनदादांचा. त्याने वहीत लिहून घेतले आणि विचारले, “सर, सोयराबाई शास्त्रीय संगीतात मोडतात का?” मी त्याला किशोरीताईंचे ते ध्वनिमुद्रण लावून दिले आणि म्हटले, शेवटचा चरण नीट ऐक.