जुन्या पद्मिनीचे इंजिन

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन थकले, म्हणजे फेरबांधणी केलेले इंजिन घेताना त्याच्या ताज्या रंगावर विसंबणे मला सर्वथा अनुचित वाटते. कारण सिलिंडर रिबोअर करून त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन बसवले आहेत, की केवळ नव्या रिंगा घालून धूर तात्पुरता थांबवला आहे, हे रंगावरून कळत नाही. विक्रेत्याकडून बोअरचे व क्रँकच्या ग्राइंडिंगचे माप लेखी मागावे, आणि क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाइजपर्यंत घासलेला असेल, तर पुढील दुरुस्तीस वावच उरत नसल्याने तो सौदा निःसंकोच नाकारावा. ब्लॉकवरील क्रमांक खरेदीच्या दस्तऐवजाशी ताडून पाहिल्याखेरीज मात्र रक्कम देऊ नये, कारण बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओच्या दफ्तरी रीतसर करवून घ्यावी लागते.