ती काजळी पुसू नका

माणसांना अवकाशात नेऊन परत आणणाऱ्या कुप्या आज जगभरच्या संग्रहालयांत मांडलेल्या आहेत. चंद्राभोवती पहिल्यांदा माणसे फिरवून आणणारी अपोलो ८ ची कुपी शिकागोत आहे, अपोलो १० ची लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आणि अपोलो ११ ची ‘कोलंबिया’ वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये. युरी गागारिनची वोस्तोक मॉस्कोजवळच्या कोरोल्योव्ह शहरात आहे. राकेश शर्मा ज्या सोयूझ टी-१० मधून जमिनीवर उतरले ती कुपी आपल्याकडे दिल्लीत, तीन मूर्ती भवनाच्या आवारातील नेहरू तारांगणात आहे. मनात चकचकीत रॉकेटचे चित्र घेऊन आलेला प्रेक्षक अशा कुपीपुढे थोडा हिरमुसतो. आत तिघांना जेमतेम बसता येईल एवढी जागा, बाहेर करपलेली पाठ आणि सोललेला पत्रा. एवढ्या मोठ्या पराक्रमाचे साधन इतके कळकट का ठेवले, ते घासूनपुसून लखलखीत का केले नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. तो कळकटपणा हाच त्या वस्तूचा सर्वांत मोलाचा भाग आहे. उड्डाण करून आलेली कुपी हा पुरावा आहे, आणि पुराव्यावर रंगरंगोटी करायची नसते.

आधी बाहेरची बाजू पाहू. पृथ्वीच्या कक्षेतून परतणारे यान सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तर चंद्रावरून येणारे सुमारे ११ किलोमीटर वेगाने. हा वेग काही मिनिटांत मोडायचा म्हणजे प्रचंड उष्णता अंगावर घ्यायची. टोकदार यान हवा सहज कापेल, पण त्याचे टोकच वितळेल. अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेत हार्वे ॲलन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की बोथट तोंडाचे यान आपल्यापुढे दाबलेल्या हवेची लाट उभी करते आणि बरीचशी उष्णता यानाला न भिडता बाजूने निघून जाते. म्हणून वोस्तोक गोळ्यासारखी आहे आणि बाकीच्या कुप्या बुडाशी रुंद. उरलेली उष्णता कवच स्वतः जळून घेऊन जाते. अपोलोच्या कवचात काचतंतूंच्या जाळीची सुमारे ३ लाख ७० हजार घरे होती. त्यातले प्रत्येक घर कामगारांनी हाताने ॲव्हकोट नावाच्या लेपाने भरले, ते क्ष-किरणांखाली तपासले आणि दोष दिसला तिथे कोरून पुन्हा भरले. शिवाय अपोलोचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवला होता. त्यामुळे कुपी किंचित तिरकी राहून हवेचा थोडा आधार मिळवत असे आणि स्वतःभोवती वळून मार्ग बदलू शकत असे. याचा परिणाम कवचावर उमटलेला असतो. हवेला सामोरी गेलेली बाजू अधिक करपते, आडोशाची कमी. कुपीभोवती सावकाश फेरी मारणाऱ्या माणसाला ती कशी कलून खाली आली हे त्या डागांवरून समजू शकते. डाग घालवले तर हे सगळे फलकावर लिहून सांगावे लागेल, आणि वाचणाऱ्याला ते केवळ विश्वासाने मान्य करावे लागेल.

आतली बाजू तर याहून बोलकी आहे. कोलंबिया १९७०-७१ मध्ये अमेरिकेच्या राज्यांच्या राजधान्यांतून फिरली आणि १९७६ पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात लक्षावधी लोकांनी तिला पाहिले. तिच्याविषयी कळायचे ते कळून झाले, असे कुणालाही वाटले असते. पण २०१६ मध्ये ते संग्रहालय चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने तिचे आतून-बाहेरून त्रिमितीय स्कॅनिंग केले, तेव्हा प्रेक्षकांच्या नजरेला कधीच न येणाऱ्या कोपऱ्यांत हस्ताक्षरे दिसली. नियंत्रण केंद्राकडून आलेले आकडे भिंतीवर घाईघाईने टिपलेले होते. एका कप्प्यावर आत दुर्गंधीयुक्त कचरा असल्याची सूचना होती. एका ठिकाणी हाताने आखलेले छोटे कॅलेंडर होते, त्यातले मोहिमेचे दिवस एकेक करून खोडलेले. अभ्यासकांनी भिंतीवरचे आकडे मोहिमेतील संभाषणाच्या नोंदींशी ताडून पाहिले. कागद हाताशी नसताना काम कसे चालले होते, हे अधिकृत अहवालात इतक्या जवळून दिसत नाही. ४७ वर्षे ही अक्षरे टिकली, कारण एवढ्या काळात कुणी त्या भिंती स्वच्छ करण्याचा उत्साह दाखवला नाही. मराठी वाचकाला हा न्याय नवा नाही. बखरीत कितीही रंगतदार हकिगत असली तरी समकालीन अस्सल कागद तिच्यावर भारी ठरतो, हे वि. का. राजवाड्यांनी आपल्या इतिहासलेखनाला शंभर वर्षांपूर्वीच शिकवले. कोलंबियाच्या भिंती म्हणजे असाच अस्सल कागद आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आता त्रिमितीय प्रतिमा तयार आहे, हुबेहूब प्रतिकृतीही करता येते. मग काचेआडच्या जुन्या धातूचे एवढे कौतुक कशाला? प्रतिकृतीत मुलांना बसता येते, बटणे दाबता येतात, आणि शिकवण्यासाठी तीच सोयीची आहे. यात तथ्य आहे, आणि प्रत्येक तारांगणात अशी प्रतिकृती असायलाच हवी. पण प्रतिकृतीत तेवढेच असते जेवढे ती करणाऱ्याला ठाऊक असते. २०१६ च्या आधी कोलंबियाची कितीही काटेकोर प्रतिकृती केली असती, तरी तिच्यात ते कॅलेंडर आले नसते. आजच्या स्कॅनिंगलाही हीच मर्यादा आहे. ते आजच्या प्रश्नांची उत्तरे टिपते. उद्या कुणाला कवचाच्या जळीत थराचे रसायन तपासायचे असेल किंवा एखाद्या जोडाला गेलेला बारीक तडा पाहायचा असेल, तर मूळ वस्तूकडेच यावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काहीच करायचे नाही म्हटले तर वस्तू नष्ट होईल, आणि गाजलेल्या काही कुप्या तर दुरुस्तीमुळेच आज पाहायला मिळतात. अंतराळवीर गस ग्रिसमची ‘लिबर्टी बेल ७’ २१ जुलै १९६१ रोजी समुद्रात उतरल्यावर तिचे दार अवेळी उडाले आणि ती बुडाली. १९९९ मध्ये ती अटलांटिकच्या साडेचार किलोमीटरहून अधिक खोल तळातून वर काढली. कॅन्सस राज्यातील हचिन्सनच्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयाने ती सुटी करून, भाग न् भाग धुऊन पुन्हा जोडली. तसे केले नसते तर मुरलेल्या खाऱ्या पाण्याने धातू खाऊन टाकला असता. अपोलो १३ ची ‘ओडिसी’ही याच संग्रहालयात आहे. मोहिमेनंतर तिच्या आतले सामान काढून घेतले गेले, रिकामे कवच कित्येक वर्षे पॅरिसजवळच्या विमान संग्रहालयात राहिले, आणि इतरत्र पांगलेले भाग गोळा करून ती नव्याने उभी करावी लागली. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाहीत. गंज थांबवणे हे संवर्धन आहे, वय लपवणे नाही. लिबर्टी बेलचे मूळ दार समुद्रात सापडलेच नाही, आणि ज्या दारामुळे ती बुडाली त्याची उणीव ही त्या कुपीच्या इतिहासातली मुख्य गोष्ट आहे. ओडिसीची कथा तर सावधगिरीचा इशारा आहे. परतल्याच्या दिवसापासून जपली असती, तर पुढचा खटाटोप करावाच लागला नसता.

तिसरा आक्षेप असा, की या कुप्या म्हणजे शीतयुद्धातल्या प्रचाराची साधने होती. जॉन ग्लेनची ‘फ्रेंडशिप ७’ १९६२ मध्ये देशोदेशी फिरवली गेली ती अमेरिकेचा दबदबा वाढावा म्हणूनच. हे खरे आहे. पण वस्तू प्रचारापेक्षा प्रामाणिक असते. अपोलोच्या कुपीचे दार पाहा. ते बाहेरच्या बाजूला आणि काही सेकंदांत उघडते. ते तसे आहे याचे कारण २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ च्या कुपीत लागलेली आग. तेव्हाचे आतले दार आत ओढून काढावे लागे आणि त्याला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागे. जमिनीवरच्या चाचणीत ग्रिसम, व्हाइट आणि शॅफी हे अंतराळवीर गुदमरून गेले. अपोलो १ ची जळालेली कुपी लोकांसमोर मांडलेली नाही, ती लँगली केंद्रात जपून ठेवली आहे. तिची दारे मात्र दुर्घटनेला ५० वर्षे झाल्यावर, २०१७ मध्ये, केनेडी अवकाश केंद्रात प्रदर्शित झाली. जी वस्तू यश सांगते तीच त्याची किंमतही सांगते. मात्र ती मूळ अवस्थेत असली पाहिजे.

हा प्रश्न आपल्या घरचाही आहे. शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिलला टी-१० मधून परतले. सोयूझचे कक्षेतले आयुष्य मर्यादित असल्याने पाहुणे अंतराळवीर जुने यान घेऊन उतरत आणि अवकाश स्थानकावर दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी नवे ठेवत. शर्मांबरोबर उतरलेले गेन्नादी स्त्रेकालोव्ह त्याच्या अवघे सहा-सात महिने आधी, सप्टेंबर १९८३ मध्ये, पेटलेल्या रॉकेटवरून बचाव यंत्रणेमुळे वाचले होते. दिल्लीतल्या त्या कुपीपुढे उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलाला अभिमानाबरोबर हेही कळायला हवे. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ज्या ‘ग्रेस’मधून गेले ते ड्रॅगन यान पुन्हा पुन्हा उडवण्यासाठीच बनवलेले आहे. म्हणून भारतीय बनावटीची, भारतीय माणसांना घेऊन परतलेली पहिली कुपी आपल्याला गगनयानच देईल. ती समुद्रात उतरणार आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा धोका पहिल्या तासापासून असेल. तिचे काय करायचे हे उड्डाणाआधी ठरले पाहिजे. अभियंत्यांची तपासणी होताना प्रत्येक काढलेल्या भागाची नोंद ठेवायची, आतले स्कॅनिंग लगेच करून घ्यायचे, मीठ काढायचे पण जळीत थराला हात लावायचा नाही, आणि सत्कारासाठी रंगाचा एकही हात द्यायचा नाही. हे चार नियम पाळायला फार खर्च येत नाही. ते पाळले तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला त्या कुपीला नवे प्रश्न विचारता येतील आणि आपण आज कल्पनाही करू शकणार नाही अशी उत्तरे तिच्यातून मिळतील.