डीजेचा सेट आठ दिवस आधी कागदावर वाजतो!



साउंड भाड्याने देण्याचा धंदा करताय किंवा सुरू करायचा विचार आहे? मग माझा एक महागडा अनुभव तुम्ही फुकटात घ्या.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एका फेस्टिव्हलच्या डीजे सेटचं काम मिळालं. कोटेशन 45,000 रुपये. रात्री पावणेनऊला गर्दी रंगात आली आणि दोन्ही प्लेअर एकदम बंद! ते परत चालू होऊन गाणं लागेपर्यंत चार मिनिटं गेली. शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं झालं. कारण काय, तर आमच्याच जनरेटरवर कुणीतरी खाऊच्या स्टॉलचे फ्रीजर आणि ओव्हन जोडले होते. व्होल्टेज पडलं. आयोजकांनी 15,000 कापले. जनरेटर फक्त साउंडसाठी हवा, हे मी तोंडी सांगितलं होतं. तोंडी सांगितलेलं त्या रात्री कुणालाच आठवत नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच. आठ दिवस आधी एक पान लिहायचं आणि आयोजकाची सही घ्यायची. त्या पानावर काय असतं ते बघा.

1. डीजेला नक्की काय लागतं?
"डीजे सेटअप द्या" याला काही अर्थ नाही. प्लेअर किती, कोणतं मॉडेल, मिक्सर कुठला, की लॅपटॉप आणि कंट्रोलर, हे थेट डीजेला विचारा. पेनड्राइव्ह फॅट-32 फॉरमॅटचा आणायला सांगा. एक्सफॅटचा पेनड्राइव्ह बरेच जुने प्लेअर वाचतच नाहीत. आणि पेनड्राइव्ह दोन हवेत, एक नाही.

2. वीज
जनरेटरवर 62.5 केव्हीए लिहिलेलं असलं तरी 0.8 पॉवर फॅक्टरने हातात 50 किलोवॅटच येतात. साउंडची लाइन वेगळी, लाइटची वेगळी, स्टॉलची तर वेगळीच. प्लेअर आणि मिक्सर छोट्या यूपीएसवर ठेवा. काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. न्यूट्रल सुटलेला असेल तर 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास येऊ शकतात आणि एका सेकंदात लाखाचा माल जळतो.

3. डीजेचा स्वतःचा स्पीकर
इथे बरेच जण पैसे वाचवायला जातात. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मुख्य स्पीकर डीजेपासून 17 मीटरवर असेल तर त्याला बीट 50 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. हेडफोनमध्ये एक बीट, बाहेर दुसरा. मग मिक्सिंग घसरणारच! म्हणून टेबलाशेजारी बूथ मॉनिटर हवाच, आणि तो मिक्सरच्या बूथ आउटवरून, म्हणजे त्याचा आवाज डीजेच्या हातात राहतो.

4. बंद पडलं तर?
मुख्य साउंड मिक्सरच्या एका वेगळ्या चॅनेलवर गाणी भरलेला लॅपटॉप डीआय बॉक्समधून जोडून ठेवा. स्टेजवर काहीही झालं तरी पाच सेकंदांत गाणं लागलं पाहिजे. गर्दीला बिघाड कळत नाही, शांतता कळते.

5. वेळ
ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा दिवस त्यात आहे का, हे परवानगीच्या कागदावर स्वतः वाचा. मग 10 पासून उलटं मोजा. सेट किती वाजता, साउंडचेक किती वाजता, टेम्पो किती वाजता निघणार.

आता धंद्याची गोष्ट. यूपीएस, बूथ मॉनिटर, जादा लॅपटॉप हे सगळं कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळींत लिहा. गिऱ्हाईक म्हणेल, "अमका 10,000 कमी घेतो." तुम्ही पान पुढे करा आणि शांतपणे विचारा, "यातली कुठली ओळ काढू?" माझ्याकडे बहुतेक जण एकही ओळ काढत नाहीत. आणि काढलीच, तर त्या ओळीसमोर त्यांची सही असते.

आजचा गृहपाठ: तुमचं शेवटचं काम आठवा आणि त्याचं हे एक पान आज रात्रीच लिहून काढा. कुठली ओळ रिकामी राहते ते बघा. पुढचा फटका तिथूनच बसणार आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!